मुकादमाकडची चाबी
ही वही कोणाच्या हाती लागलीच तर अक्षराला आणि चुकांना माफ करा, मी चौथीच शिकले. आज शेजारी कोंडा जळाला आणि त्या वासाने गोंदियाच्या तांदळाच्या गिरणीतले माझे कामाचे दिवस आठवले. तिथे बायांच्या संडासाची चाबी मुकादमाकडे असे. एका दुपारी फार लागली म्हणून मी ती मागायला गेले. तो हमालांसमोर म्हणाला, "कायले पाहिजे चाबी? मोठ्यानं सांग, मशीनमंधी आयकू नाही येऊन राहिलं." लाजेने माझ्या तोंडून निघालं, "काई नाही, पानी प्याले आली." "मंग पी ना!" त्याने लोटा भरून दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हटला नाही. हमाल हसत होते. संध्याकाळपर्यंत मी पाय आवळून पोती शिवली. त्यानंतर चाबी कधी मागितली नाही, रोज तशीच थांबत गेले. बऱ्याच वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की लघवीची पिशवी सारखी ताणली तर तिचं मांस कळ जाणवणाऱ्या नसांना वाढायचा इशारा देतं. माझ्या वाढलेल्या नसा आता घोटभर साचलं तरी कळा देतात. माझी पोरगी आता त्याच गिरणीत जाते. सकाळी पाणी पिऊन निघायचं नाही, हे तिला मीच शिकवलं.