आंधळ्या घळीतला कुकारा

इसमाचे नाव : गुणाजी विठू कांदळगावकर. हुद्दा : आग-रखवालदार, हंगामी. राहणार : मुलुंड (पश्चिम), डोंगराच्या पायथ्याशी. पूर्वीचा व्यवसाय : गिरणी कामगार, साचेखाते. बांधा : मध्यम. वर्ण : सावळा. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग (सेवेत असताना). दृष्टी : चांगली. श्रवणशक्ती : उत्तम. वर्तणूक : समाधानकारक. शेरा : वणव्याच्या प्रसंगी सदर इसमाने दाखविलेल्या तीक्ष्ण श्रवणशक्तीमुळे एका सहकाऱ्याचे प्राण वाचले, सबब प्रशस्तिपत्रास पात्र.

यातली भुवई खरी आहे.

बाकीच्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ते टाइप केलेलं आहे. गुणाजीने उभी जवानी साचेखात्यात काढली होती. शेकडो साचे, म्हणजे माग, एका छपराखाली खडखडत असले की माणसाचे कान आधी दुखतात, मग सरावतात आणि मग काम सोडून देतात. साचेखात्यातली माणसं एकमेकांशी ओठांनी बोलतात. गुणाजी समोरच्या भिंतीजवळच्या माणसाने दिलेली शिवी नुसती बघून परतवत असे. पुढे ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी गेली, साचे गेले. कान तेवढे परत आले नाहीत.

डोंगरावरच्या जंगलात वणवे विझवायला हंगामी माणसं घेतात हे त्याला धाकूने सांगितलं. धाकू त्याच्याच गावचा, त्याच गिरणीत सूतखात्यात होता, कानांनी धड. भरतीच्या वेळी डॉक्टर उमेदवाराच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात तीन प्रश्न विचारी : नाव, गाव, बापाचं नाव. क्रम कधी बदलत नसे. धाकू आधी आत जाऊन आला आणि क्रम सांगून मोकळा झाला. गुणाजीने तिन्ही उत्तरं बरोबर दिली. तिसरं प्रश्नाच्या जरा आधीच दिलं, पण तेवढं कोण बघतो?

श्रवणशक्ती : उत्तम.

हंगाम होळीपासून मृगापर्यंत. मुलुंड कॉलनीच्या वरच्या डोंगरात पत्र्याची चौकी होती. तिथून खाली इमारती, गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे आणि पलीकडे खाडीची पांढरी रेघ दिसे. काम साधं होतं. पाचोळा ओढून जमिनीचा पट्टा मोकळा करायचा; त्याला जाळरेषा म्हणतात. आग आली की करंजाच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपायची. ऐकत नसेल तर जाळरेषेवरून आपणच समोरून दुसरी आग सोडायची. दोन्ही आगी मध्ये भेटतात आणि खायला काही उरलं नाही की मरतात. माणसांतही असं होतं, पण माणसं इतक्या लवकर विझत नाहीत.

पंच्याऐंशीचा उन्हाळा वाईट निघाला. आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस सगळ्या डोंगरावर कारवी फुलली होती. सात-आठ वर्षांत एकदाच फुलते. तेव्हा पार्ल्याहून माणसं थर्मास घेऊन बघायला आली, वा वा म्हणाली आणि गेली. फुलली की कारवी बी धरते आणि मरते, हे बघायला कोणी थांबलं नाही. फाल्गुनात डोंगरच्या डोंगर वाळक्या काड्यांनी उभा होता. एखाद्याने विडी टाकायचा अवकाश. आज तुळशी तलावाच्या अंगाला, उद्या येऊरकडे, परवा आणखी कुठे, असा रोजचाच धूर. खाली मुलुंडमध्ये धुतलेल्या कपड्यांवर काजळी पडते, अशा तक्रारी येत.

टोळीतली बहुतेक माणसं कोकणातली, त्यामुळे जंगलात वागायची रीत कोणी शिकवावी लागली नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी चौकीमागच्या धोंड्याला नारळ आणि विडी. मुकादम राजाराम मूळचा घाटावरचा, पण गाऱ्हाणं तोच घाली, अधिकार म्हणून. दुसरी रीत अशी की, रानात कोणाला नावाने हाक मारायची नाही. कुकारा घालायचा, हात तोंडाशी धरून, लांब. तोही तीनदा. तिसरा कुकारा ऐकल्याशिवाय कोणी ओ द्यायची नाही. कारण रानात जो जागेवाला, म्हणजे जागेचा राखणदार, असतो तो एकदा कुकारतो, दोनदा कुकारतो; त्याला ओ देणारा परत येत नाही. तिसरा त्याला जमत नाही. का जमत नाही, हे विचारायला कोणी गेलेलं नाही.

याच रितीवर टोळीची मोजणीही चाले. समोरून आग सोडायच्या आधी राजाराम तीन कुकारे घाली आणि प्रत्येकाने आपापल्या जागेवरून ओ द्यायची. सगळ्या ओ भरल्या की काडी ओढायची. गुणाजीला हे कुकारे ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. त्यावर धाकूने तोड काढली होती : तो कायम गुणाजीच्या शेजारी राही आणि दोघांची ओ स्वतःच देई. एक जाड आवाजात, एक बारीक. बारीक गुणाजीची.

"माझो आवाज असो बायकी कित्याक काढतंस?" धाकूने स्वतःच हे सांगितलं तेव्हा गुणाजीने त्याच्या ओठांवर बोट ठेवून विचारलं.

"फुकट मिळता तां घी," धाकू म्हणाला.

पहिला कुकारा गुणाजीला चैत्रात ऐकू आला.

भर दुपार होती. दोघे जाळरेषेवर भाकरी खात बसले होते. खाली आंधळी घळ होती. तोंड आहे पण बाहेर पडायला वाट नाही, म्हणून आंधळी. पावसाळ्यात तिच्या टोकाला धबधबा पडे; एरवी काळा कातळ आणि पायथ्याशी थोडा ओलावा. एक पान हलत नव्हतं. आणि त्या घळीतून, अगदी स्पष्ट, कोणीतरी लांब कुकारलं. मग पुन्हा एकदा. मग काही नाही.

"कोण कुकारलो रे?"

"खंय?"

"थंय. घळीत."

धाकूने हातातली भाकरी खाली ठेवली. त्याला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं, यात विशेष नव्हतं; गुणाजीला आलं, यात होतं.

"तुका ऐकाक इला?"

"स्वच्छ. दोनदा."

"मेल्या, सकाळी तुझ्या कानाकडे डबो बडवलंय तो तुका कळूक नाय. आणि घळीतला कळला?"

गुणाजीला मात्र आनंद झाला. कान परत येताहेत, असं त्याच्या मनाने घेतलं. घरी जाऊन त्याने मालनला, म्हणजे बायकोला, पाठीमागून हाका मारायला लावल्या. मालनने हाका मारल्या. मग मिळालेली संधी साधून तिने लग्नापासूनचं सगळं सांगून टाकलं. गुणाजी भिंतीकडे तोंड करून शांतपणे चहा पीत होता. शेवटी ती समोर येऊन बसली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "कान नाय परत इले. दुसराच कायतरी इला."

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी, दुपारी, घळीतून दोन कुकारे. गुणाजीशिवाय कोणाला ऐकू येत नसत. धाकूने चेष्टा करणं सोडून दिलं होतं. गुणाजीची मान घळीकडे वळली की तो फक्त त्याचा खांदा दाबून ठेवी. "दोन इले तर गप बसान रव. ओ देऊ नको. तेका तिसरो येणा नाय."

वैशाखात एका दिवशी तुळशीच्या अंगाने आग निघाली ती सकाळपासून ऐकेना. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला आणि तिला मुलुंडची दिशा मिळाली. टोळी जाळरेषेवर लांब अंतराने उभी राहिली. लोक म्हणतात वणवा गर्जतो, कारवी फटाक्यांसारखी फुटते. गुणाजीचा वणवा मुका होता. समोरचा डोंगर आवाज न करता पिवळा होई, मग काळा. माणसं दचकलेली दिसत, मग त्याला कळे की काहीतरी मोठं फुटलं असावं. त्यातून सगळ्यांनी तोंडाला ओले पंचे बांधलेले. ओठ झाकले की गुणाजीला माणसं आणि कारवी सारखीच.

थोड्या वेळापूर्वी धाकू डबा हलवून दाखवून पाण्याला गेला होता. पाणी म्हणजे चौकीचं पिंप. वर, मागे, सुरक्षित. गुणाजीने तसंच धरलं.

मग त्याने बघितलं की राजारामने पंचा खाली ओढला आहे आणि हात तोंडाशी धरले आहेत. एक. दोन. तीन. पलीकडच्या माणसाची मान मागे गेली : त्याने ओ दिली. मग त्याच्या अलीकडच्याने. आता आपली पाळी. बारीक आवाजात ओ देणारा शेजारी नव्हता.

गुणाजीने स्वतःच ओ दिली. कशी आली देव जाणे. आणि मग, धाकू पाण्याला गेला म्हणून मुकादमाने त्याला झापू नये, शिवाय धाकू आपल्यासाठी रोज करतो ते आपण एकदा करायला काय हरकत, म्हणून त्याने आणखी एक ओ दिली. जाड.

मोजणी भरली. राजारामने हात खाली केला आणि जाळरेषेच्या कडेने समोरून आग सोडली गेली. ती उताराने घळीकडे निघाली. पलीकडून मोठी येतच होती.

तेवढ्यात वरून, चौकीच्या वाटेने, एक माणूस रिकामा डबा आपटत आला आणि पिंपाकडे हात करून 'नाही' अशी खूण केली. पिंप कोरडं होतं. गुणाजीने ते बघितलं. पिंप कोरडं असेल तर पाण्याची दुसरी जागा कुठली, हे टोळीत सगळ्यांना माहीत होतं. कातळाच्या पायथ्याचा ओलावा.

आणि घळीतून कुकारा आला.

तसाच. लांब, स्वच्छ. भोवताली इतकी आग असून तिचा आवाज नाही, माणसांचा नाही, स्वतःच्या श्वासाचाही नाही. त्या सगळ्या मुकेपणात तो एकटाच. मग दुसरा.

गुणाजी थांबला. तिसऱ्यासाठी थांबला. लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट पायांत असते, डोक्यात नसते; पाय हलेनात. धाकू असेल तर तिसरा येईल. धाकू रीत मोडणार नाही. तिसरा आला नाही, तर तो धाकू नाही आणि ओ देणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. समोर सोडलेली आग कारवीत शिरली. घळीचं तोंड अजून दिसत होतं. मग अर्धं दिसू लागलं.

तिसरा आला नाही. पण पिंप कोरडं होतं.

"ओऽऽ!" गुणाजी ओरडला आणि त्या अर्ध्यातून आत पळाला. राजारामने मागून ज्या शिव्या घातल्या त्या टोळीत पुढे बरेच दिवस आठवल्या जात, पण ज्याला घातल्या त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत. भुवई गेली ती तिथेच.

घळीत धूर खालपर्यंत उतरला होता. धाकू कातळाच्या पायथ्याशी चिखलात पालथा पडला होता. डबा बाजूला. धूर आत जाऊ नये म्हणून तोंडात ओल्या पंच्याचा बोळा, वरून उरलेला पंचा मानेमागे गाठ मारून करकचून बांधलेला. गाठ सुटेना, गुणाजीने दातांनी सोडवली. मग त्याला काखेत धरून धबधब्यामागच्या कपारीत ओढलं, दोघांवर चिखल थापला आणि कातळाला तोंड लावून पडून राहिला. त्याचा तळहात धाकूच्या पाठीवर होता. पाठ हलत होती. थांबत होती. हलत होती.

बाहेर दोन्ही आगी भेटल्या. कातळ अंगाखाली थरथरला, एवढंच त्याला कळलं.

तिसरा कुकारा तेव्हा आला.

घळीतून नव्हे. कपारीतच, त्याच्या कानाला लागून, हलक्या आवाजात, कामावरून सुटताना घालावा तसा. गुणाजीने मान वळवली नाही. ओ आधीच देऊन झाली होती.

राख निवल्यावर टोळी खाली उतरली. राजारामने गुणाजीला खांद्याला धरून समोर वळवलं. पंचा गळ्यात होता, त्यामुळे ओठ दिसत होते.

"तुला कळलं कसं रे? हाक मारली काय यानं?"

गुणाजीने मान डोलावली.

"आम्हाला कुणालाच नाय आली ऐकू. एवढ्या आगीत! कान हायेत का काय तुझे!"

गुणाजीने पुन्हा मान डोलावली. दुसरं काय करणार? बहिरा आहे म्हणावं तर नोकरी जाते. खरं सांगावं तर लोक हसतील. किंवा हसणार नाहीत, ते आणखी वाईट. दोन वेळा मान डोलावली, तिचाच पुढे शेरा झाला.

दवाखान्यात धाकूचा गळा सुजलेला होता, बोलायला मनाई. गुणाजी खाटेशेजारी बसला. मग म्हणाला, "तुझी ओ मी दिलेलंय. म्हणून त्यांनी आग सोडली."

धाकूने त्याच्याकडे बघितलं. मग आवाज न करता ओठ हलवले. "मगे? मी रोज तुझी देतंय."

"आता मी देणा नाय कधी."

"जाड काढलंस ना आवाज?"

"जाडच काढलो."

"मगे झाला तर," म्हणून धाकूने डोळे मिटले.

मृग लागला, हंगाम संपला. चौकीपुढे खुर्च्या मांडून छोटा समारंभ झाला. राजारामने नवा शर्ट घातला होता आणि पुढच्या वर्षी गुणाजीला टोळीच्या अगदी टोकाला, एकट्याला उभं करणार असल्याचं सांगितलं. असे कान वाया घालवू नयेत. घळीतला कुकारा त्या दिवसानंतर आला नव्हता. गुणाजी दुपारी तिकडे मान करून बसे, पण डोंगर पूर्वीसारखा गप्प होता.

साहेब प्रशस्तिपत्र वाचू लागले. त्यांच्या तोंडापुढे कागद होता, म्हणून गुणाजी शेजारी बसलेल्या धाकूचे ओठ बघत होता. धाकू शब्दामागून शब्द ओठांनी उतरवत होता. नाव, हुद्दा, बांधा, वर्ण. "सहकाऱ्याने... धुरातून... मारलेल्या... हाका..."

धाकू थांबला. कपाळाला आठी पडली. त्याने गुणाजीकडे पूर्ण तोंड वळवलं.

"मी हाक मारूक नाय," त्याचे ओठ म्हणाले. "पंचो बांधूनच खाली उतारलंय. हाक कशी मारतलंय?"

साहेबांनी कागद खाली केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गुणाजीला त्या ऐकू आल्या नाहीत.