उन्हातला निखारा

तिसरी कमान मोडली तेव्हा मी कमानी दाबून तपासायच्या प्रेसशेजारीच उभा होतो. बार उडावा तसा आवाज झाला. तुकडा उचलून मोडलेली बाजू पाहिली. चांगल्या पोलादाची मोड राखाडी आणि बारीक दिसते. ही खडीसाखरेसारखी दाणेदार होती. म्हणजे पट्टी भट्टीत जास्त तापली होती.

झाशीहून बबीनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कारखाना होता. नाव सांगत नाही, आता तो बंदही पडलाय. ट्रकच्या कमानी करायचो. कमान म्हणजे चाकावर एकावर एक बसवलेल्या वाकवलेल्या पट्ट्या, ज्यांच्यावर सगळा ट्रक तोलला जातो. प्रत्येक पट्टी भट्टीत लाल करायची, नेमक्या क्षणी काढायची आणि तेलात बुडवायची. याला पाणी देणं म्हणतात. हौदात तेल असलं तरी शब्द पाणीच. पट्टी लवकर काढली तर मऊ राहते, उशिरा काढली तर ठिसूळ होते. ट्रक भरलेला असताना ठिसूळ कमान मोडली तर काय होईल, हे सांगायला नको.

तो नेमका क्षण हल्के मिस्त्री ठरवायचे. एरच गावचे लोहार, वय छप्पन्न-सत्तावन्न. नाव हल्के, पण दोन माणसांचं ओझं एकटे उचलायचे. घड्याळ नाही, मीटर नाही. भट्टीत बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "हओ, काढ़ो।" वीस वर्षांत त्यांची कमान मोडली नव्हती. आता एका आठवड्यात तीन मोडल्या.

मी तिथला सुपरवायझर. डिप्लोमा होता, वय तिशीच्या आत होतं आणि स्वतःच्या हुशारीवर भलताच विश्वास होता. लॅबमधून पायरोमीटर आणला. ही एक दुर्बीण असते. आत एक बारीक तार असते आणि बटण फिरवलं की ती तापून चमकू लागते. तारेचा रंग आणि तापलेल्या लोखंडाचा रंग तंतोतंत जुळला की तार दिसेनाशी होते. मग काट्यावर तापमान वाचायचं. हल्के मिस्त्री "काढ़ो" म्हणाले त्या क्षणी मी वाचलं. पट्टी हवी त्यापेक्षा बरीच जास्त तापली होती. पाच पट्ट्या पाहिल्या, पाचांचं तेच.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "जोशीजी, मटेरियल में गड़बड़ है?"

"नहीं सर. मिस्त्रीजी की आँखों में है."

"तो मेमो दीजिए. मेडिकल करा देते हैं."

मी मेमो लिहिला: दृष्टी कमी झाल्याचा संशय, सोमवारी तपासणी व्हावी. नापास झाले तर त्यांना गेटवर टोकन वाटायला बसवणार होते. मेमो त्यांना वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं. त्यांनी ऐकून घेतलं. हातातला चिमटा हळूच खाली ठेवला.

"आँखें गईं साब, तो हम लुहार काय के?" एवढंच म्हणाले. मग चिमट्याकडे बघत म्हणाले, "आप पढ़े-लिखे हैं। सई कै रए हुइयो।" म्हणजे, बरोबरच सांगत असाल. ते माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं.

साहेबांनी आणखी एक काम दिलं. नवा माणूस भट्टीवर येणार, तर मॅन्युअलमधला रंगांचा तक्ता हिंदीत करून भिंतीवर लावायचा. तक्त्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द होता: ग्लो. डल रेड ग्लो, चेरी रेड ग्लो. चेरी झाशीत कुणी पाहिली होती? ते राहू दे, पण मला ग्लोलाच शब्द सापडेना. चमक म्हणावं तर चमकतं भांडंही. ज्वाला म्हणावं तर ती वेगळीच.

रविवारी लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरी मी तक्ता घेऊन नानांसमोर बसलो. नाना म्हणजे माझे वडील. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झाशीचे, त्यामुळे घरात मराठी, दारात हिंदी आणि नानांच्या कपाटात जाडजूड इंग्रजी कोश. शब्द विचारला की नानांना चहाची आठवण राहायची नाही.

"गालावरचा ग्लो, समाधानाचा ग्लो, हे सगळं नंतरचं," ते म्हणाले. "मुळात हे क्रियापद जळण्याचं. पण ज्वाळेशिवाय जळण्याचं! लोखंड तापून स्वतःच उजेड देऊ लागतं, तो ग्लो. आता कूळ बघ. चमकणे अशा अर्थाचं एक फार प्राचीन मूळ मानतात. यलो त्यातला, गोल्ड त्यातला. आणि आपल्याकडे, बाबा रे, हिरण्य त्यातलं. हरिद्रा त्यातली."

"हरिद्रा म्हणजे?"

"हळद! तुझ्या आईच्या डब्यातली."

आमच्या भट्टीतला लाल तुकडा आणि आईच्या डब्यातली हळद एका घरातले! कोण कुठली माणसं, शेकोटीभोवती बसलेली, त्यांनी काहीतरी चमकताना पाहून एक आवाज काढला, आणि तो फिरत फिरत एका बाजूनं मॅन्युअलमध्ये आला, दुसऱ्या बाजूनं आमच्या फोडणीत.

तेवढ्यात आईनं अंगणातून हाक मारली. तिनं भरताच्या वांग्यासाठी शेगडी उन्हात ठेवली होती. "विझली का बघ रे."

मी गेलो. कोळसे राखाडी, मेलेले. "विझली," म्हणालो आणि हात पुढे केला.

"अरे, हात नको लावूस!" आई ओरडली. "उन्हात कुठं दिसतंय? सावलीत आण आधी."

मी कडीला फडकं धरून शेगडी जिन्याखालच्या अंधारात नेली. आणि तेच मेलेले कोळसे लालभडक झाले. आत काहीतरी श्वास घेत असल्यासारखा लाल रंग हलत होता.

"बघ, कसे रसरसलेत," आई म्हणाली.

ग्लोला शब्द मिळाला होता, हिंदी नाही तर मराठी. पण मला शब्दाचं भान नव्हतं. मला कारखान्याच्या काचा आठवल्या.

दहा दिवसांपूर्वी कारखान्यात तपासणी झाली होती. त्यासाठी भट्टीजवळच्या खिडक्या मीच घासून घेतल्या होत्या. वीस वर्षांची काजळी काढली, भिंतींना चुना मारला. तपासणी करणाऱ्यांनी उजेडाचं कौतुक केलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. आणि त्याच दिवशी हल्के मिस्त्री मला म्हणाले होते, "साब, इतै उजेरो भौत हो गओ। रंग नईं दिखात।" मी हसून म्हणालो होतो, "मिस्त्रीजी, अब अँधेरे का ज़माना गया." उजेडात लाल रंग फिका दिसतो. फिका दिसला म्हणून ते थांबत होते आणि पट्टी तापत होती. आईला शेगडीवरून जे कळत होतं, ते मला डिप्लोमा असून कळलं नव्हतं.

सोमवारी सकाळी भट्टी पेटायच्या आत मी साहेबांकडे गेलो. मेडिकल अकराला होतं.

"सर, गलती आँखों की नहीं है. मेरी है."

त्यांनी सगळं ऐकलं. "उजाले की तो रिपोर्ट में तारीफ़ आई है, जोशीजी."

"सर, एक घंटा दीजिए. फिर जो चाहें कीजिए."

खिडक्यांवर ताडपत्र्या चढवल्या. अंधार झाला आणि भट्टी एकदम जिवंत झाली. इतके रंग त्यात आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. तांबडा, मग भाजक्या विटेचा, मग पिकल्या टोमॅटोचा. मी पायरोमीटर डोळ्याला लावला आणि तार योग्य तापमानावर पक्की ठेवली. काळी तार नव्हे, चमकती तार. लोखंडापुढे ती स्पष्ट दिसत होती. हळूहळू लोखंड तिच्या रंगाला येऊ लागलं. तार अंधुक झाली. नाहीशी झाली.

"हओ, काढ़ो।"

त्याच क्षणी. दुर्बीण माझ्याकडे होती, ते नुसत्या डोळ्यांनी बघत होते. दुसरी पट्टी, तेच. दहाच्या दहा पट्ट्या. दहाव्या पट्टीला मी रडत होतो आणि अंधार असल्याबद्दल देवाचे आभार मानत होतो. साहेबांनी दुर्बीण मागून घेतली, स्वतः दोन पट्ट्या पाहिल्या आणि खिशातला मेमो काढून भट्टीत टाकला.

मी हल्के मिस्त्रींची माफी मागितली. ते भट्टीकडेच बघत राहिले. "हमें सोई लगन लगो तो के आँखें गईं," म्हणाले. डोळे गेले असं त्यांनाही वाटू लागलं होतं. माझ्या स्वच्छ काचांवर विश्वास ठेवून त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला होता. ते मला आजही टोचतं.

त्या कमानी प्रेसवर टिकल्या. काचांना काळा रंग दिला. पुढच्या तपासणीत अपुऱ्या उजेडाचा शेरा मिळाला, तो मी सही करून घेतला.

तक्ता मात्र केला. हल्के मिस्त्री सांगत गेले, मी लिहीत गेलो. मॅन्युअलमध्ये नसलेली एक ओळ त्यांनी सगळ्यात वर घालायला लावली: पहले अँधेरा करो. ते निवृत्त होऊन एरचला गेले, तरी तक्ता भिंतीवर होता. नवा सुपरवायझर आला की पहिल्या आठवड्यात विचारायचा, काचा काळ्या का ठेवल्यात? मी म्हणायचो, "वर वाच."