पाणक्या जिंकला तेव्हा

काल दुपारी टीव्हीवर सायकलींची शर्यत पाहिली आणि एका अनोळखी परदेशी माणसावर मी मनापासून जळलो. हा गडी संघातला पाणक्या. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, शर्टात पाठीवर कोंबायच्या आणि नायकाला नेऊन पाजायच्या, एवढंच त्याचं काम. काल घाटात नायकाचा दम तुटला. पाणक्याने एकदा वळून पाहिलं आणि महाराज, तो थांबलाच नाही! बाकीच्यांनी त्याला खिजगणतीत धरलंच नव्हतं, त्यामुळे पाठलागही केला नाही. माथ्यावर तो एकटाच पोचला.

बायकोने टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "त्यात काय! संधी मिळाली म्हणून जिंकला."

"तुम्हाला नव्हती मिळाली?"

मिळाली होती ना! आमच्या हौशी नाटक मंडळात मी वीस वर्षं विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करतोय. सगळ्यांची भाषणं मला तोंडपाठ. एकदा ऐन प्रयोगाच्या दिवशी नायकाचा घसा बसला. राजाचा अंगरखा खुंटीवर लटकत होता आणि दिग्दर्शक माझ्याकडे बघत होता. अशा वेळी मी काय करावं? धावत जाऊन ज्येष्ठमधाचा काढा करून आणला! तासाभरात नायकाचा आवाज खणखणीत सुटला.

त्या पाणक्याच्या पायांचा मला हेवा नाही. नायक मागे कोलमडलेला दिसत असताना त्याला पुढे जाणं जमलं, त्याचा आहे. मी असतो तर बाटली घेऊन तो अख्खा घाट उलटा उतरलो असतो.