अजून किती निघतील?

हाडं विरळ व्हायला लागलीत, वजनं उचलायला लागा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते आणि बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात नोकरी करत होते. आमच्या सोसायटीत जिम होती, पण तिथे सगळेच ओळखीचे. म्हणून मी जवळच्या करावे गावाच्या तोंडाशी, दुकानाच्या गाळ्यात चालणारी एक साधी जिम धरली. सकाळी साडेसहाची वेळ बायकांची. शिकवणारी मुलगी त्याच गावातली, पंचविशीची, स्वतः स्पर्धांत वजन उचलणारी.

तिची एक पद्धत होती. दहा वेळा वजन उचलून झालं की ती विचारायची, "काकी, आजून किती निघतील?"

मी म्हणायचे, "दोन."

कुठलंही वजन असो, माझं उत्तर दोनच. जेवायला वाढताना कोणी आग्रह केला की आपण विचार न करता "बास बास" म्हणतो ना, तसं ते तोंडातून निघायचं. ती वहीत लिहून घ्यायची.

दोन महिन्यांनी एकदा मी लेग प्रेसवर होते. त्यात पाठ टेकून बसायचं आणि वजन लावलेली फळी पायांनी वर ढकलायची. दहा झाले. तिने विचारलं, मी "दोन" म्हटलं. तिने वही मिटली आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली.

"आज मी थांबा बोलेपर्यंत थांबायचं नाय. मी हाय हितंच. घाबरू नका."

अकरा, बारा सहज गेले. पंधराव्याला मांड्या थरथरायला लागल्या. सतराव्याला तोंडातून असा काही आवाज निघाला, की शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या. एकोणिसावा कसाबसा वर गेला आणि विसावा अर्ध्यातच अडला. तिने फळीला हात लावला.

"नऊ," ती म्हणाली. "दोन नाय काकी, नऊ."

मी आधी हसत सुटले आणि मग डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं पाय दुखतायत. पाय दुखतच होते, दोन दिवस ऑफिसचा जिना मी कठडा धरून आडवी उतरले. पण डोळ्यांत पाणी आलं ते बढतीच्या परीक्षेपायी. दोनदा संधी येऊनही "मला नाही जमायचं" म्हणून मी अर्जच भरला नव्हता. तेही मी न बघताच ठरवलं होतं.

त्यानंतर मात्र मला चेव चढला. रोज, प्रत्येक वेळी, हात गळेपर्यंत उचलायचं. ती "बास" म्हणाली तरी मी एक जास्त ओढायचे. घरी पोळ्या लाटताना खांदा ठणकायचा. हे म्हणायचे, "अगं, जरा बेताने." मी लक्ष दिलं नाही.

गुरुवारी तिची सुट्टी असे. अशाच एका गुरुवारी मी बेंचवर आडवी झाले, रॉडला दोन्हीकडे पाच-पाच किलोच्या प्लेटा लावल्या आणि कोणाला न सांगता छातीवरून वर ढकलायला लागले. सातव्याला रॉड खाली आला तो वर जाईचना. हाक मारायला छातीत हवा नव्हती. मी रॉड एका बाजूला कलता केला, तशी तिकडची प्लेट निसटून दणकन फरशीवर पडली, लगेच दुसरीकडचीही. ट्रेडमिलवरच्या बाई धावत आल्या. मला काही झालं नव्हतं, फक्त फरशीचा टवका उडाला होता आणि लाजेने माझी मान वर होत नव्हती.

शुक्रवारी मी तिला सगळं सांगितलं. तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. मागच्या महिन्याचे माझे आकडे आठवड्यागणिक खाली उतरत गेले होते.

"मी तुमाला नऊ काढून दाखवले ते तुमचा शेवट कुठं हाय ते कळावं म्हनून. रोज तिथवर जायला नाय. रोज शेवटाला गेलात तर उद्या काय उचलनार?"

"मग किती बाकी ठेवायचे?"

"दोन," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "पन खरे दोन."

खरे दोन ओळखायला मला सहा महिने लागले. शेवटाच्या जवळ आलं की वजन जड वाटतं असं नाही, ते हळू होतं. श्वास धरला जातो. ते कळायला लागलं आणि आकडे पुन्हा वर चढले.

आज मी पंचावन्न वर्षांची आहे आणि जमिनीवरून सत्तर किलो उचलते, माझ्या वजनापेक्षा बारा किलो जास्त. गेल्या महिन्यात तापातून उठून गेले होते. पाच वेळा उचलायचं ठरलं होतं. तिसऱ्यालाच कळलं, चौथा नीट जाईल, पाचव्याला कंबर वाकेल. चौथ्यानंतर मी रॉड खाली ठेवला.

"पाच ठरले व्हते ना काकी?"

"आज चारच."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, वहीत चार लिहिलं आणि प्लेटा काढायला वाकली. पुढच्या आठवड्यात मी सहा उचलले.