इंगाबाईंचा कायमचा पत्ता

इंगाबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चुलीपाशी जाऊन हंड्यातलं पाणी हुंगायच्या. मग आजाऱ्याकडे वळायच्या. तापलेल्या पोराची आई रडू लागली, तर म्हणायच्या, "पयले पानी उकाळ, मंग रड." खापर गावच्या बाया त्यांच्या या बोलण्याला हसायच्या, पण पाणी उकळायच्या.

बाई मूळच्या नॉर्वेच्या. तरुणपणी परिचारिका म्हणून खापरला आल्या आणि इथेच राहिल्या. इथली अहिराणी बोली त्या बाजारात आणि ओट्यांवर बसून शिकल्या. मी शाळामास्तर. मी त्यांच्याशी पुस्तकी मराठी बोलायचो आणि त्या मला माझ्या आईच्या बोलीत उत्तर द्यायच्या.

लढाई सुरू झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात जर्मनांनी नॉर्वे घेतला. बाईंना पाठवणाऱ्या संस्थेची मदत थांबली. मुंबईचा एक धर्मादाय निधी औषधांचा खर्च द्यायला तयार झाला, पण रक्कम बँकेतच जमा करू, असं त्यांचं म्हणणं. खातं उघडायला नंदुरबारच्या बँकेने ओळखीसाठी नॉर्वेच्या वकिलातीचा दाखला मागितला. बाई परदेशी, पासपोर्टची मुदत केव्हाच संपलेली. पावसाळा सरत आला होता, हिवतापाचे दिवस तोंडावर होते आणि बाईंच्या दवाखान्यातलं त्यावरचं औषध, कोयनेल, तळाला लागलं होतं.

"मीच मी शे, हाई सांगाले बी कागद लागस," बाई म्हणाल्या आणि मला सोबत घेऊन निघाल्या. नंदुरबारहून सुरतमार्गे आम्ही मुंबईला पोचलो.

वकिलातीतले अधिकारी बाईंच्याच देशाचे, वयस्कर, मृदू बोलणारे. त्यांनी अर्ज पुढे केला. कायमच्या पत्त्याच्या जागी बाईंनी खापर लिहिलं. नॉर्वेतला पत्ता लागेल, असं अधिकाऱ्यांनी हळूच सांगितलं. बाईंनी आपल्या गावाचं नाव घेतलं, तेव्हा त्यांनी टाक खाली ठेवला. समुद्रकाठच्या त्या गावावर बॉम्ब पडले होते. कोण वाचलं, याची खबर त्यांनाही नव्हती.

बाई माझ्याकडे वळल्या. समोर स्वतःच्या भाषेचा माणूस बसला होता, पण त्या भाषेत हे विचारणं त्यांना जमलं नसावं.

"मास्तर, मन्ही माय जित्ती शे का नही, माले ठाऊक नही. तिन्हा पत्ता लिखू का?"

त्या दिवशी मीही पहिल्यांदाच त्यांच्याशी अहिराणीत बोललो. "लिखा बाई. ती ऱ्हायनी नही, तरी घर तिन्हंच शे."

त्यांनी पत्ता लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

दाखला मिळाला. नंदुरबारला खातं उघडताना बाईंनी आपल्या नावाशेजारी गोमीचं नाव घालायला लावलं. गोमी दवाखान्यात बाईंच्या हाताखाली काम करायची; डोंगरातल्या मोलगीकडची, लहान वयात विधवा झालेली. बाईंनी तिला जखमा बांधण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं शिकवलं होतं, नाव लिहायलाही. बँकेतल्या कारकुनाने विचारलं, दुसरं नाव कशाला? बाई म्हणाल्या, "मी मरनू तरी दवाई बंद पडाले नको." गोमी अंगठा पुढे करत होती. बाईंनी तिच्या हातात टाक दिला. तिने सावकाश सही केली आणि बाहेर आल्यावर कितीतरी वेळ बोटाला लागलेली शाई पाहत राहिली.

दोन हिवाळे दवाखाना नीट चालला. तिसऱ्या वर्षी तापाच्या साथीत बाई स्वतःच पडल्या आणि आठवड्यात गेल्या. त्यांना पुरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोमीने नेहमीच्या वेळेला दवाखान्याचं दार उघडलं. कपाटात कोयनेल होतं.

लढाई संपल्यावर वकिलातीमार्फत एक पाकीट आलं. बाईंची आई जिवंत होती. घर जळलं होतं, ती नातेवाइकांकडे राहत होती. तिला मुलगी गेल्याचं कळवलं गेलं होतं. तिने एवढंच विचारलं होतं, की शेवटी माझ्या मुलीजवळ कोण होतं?

मी ते गोमीला समजावून सांगितलं. ती औषधांच्या बाटल्या पुसत होती. थांबली, फडकं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "लिखा मास्तर. आम्हीन बायासनी तिले ऊन पानी करीसन न्हावाडं. केस इचरी दिनात. तुन्ही पोर एकली नही व्हती."

मी त्याचं इंग्रजी केलं. स्वतःचं एक वाक्य घालावंसं वाटलं, पण घातलं नाही. खाली गोमीने सही केली.