बस तीनच्या ड्रायव्हरची मी दिलेली खात्री

आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चोवीस वर्षं गाड्यांबरोबर काढून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि धारला घरी आलो. पुढची पोस्टिंग पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात, ट्रान्सपोर्ट सुपरवायझर म्हणून. सात शिफ्ट बस, सात ड्रायव्हर. धारच्या यार्डात पहाटे सव्वापाचला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. फौजेतली सवय होती: ड्रायव्हरला नाकासमोर उभं करायचं, नाव आणि गाडी नंबर मोठ्यानं बोलायला लावायचं. दारूचा वास आला की किल्ली परत. पोरं म्हणायची, "सुभेदारसाब की नाक ही मशीन है, भिया." मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

बस तीन दत्ता जाधवची. देवासचा, माझ्याच युनिटमधला हवालदार. नोकरी मीच लावून दिली होती. कंपनीच्या तपासणीत त्याच्या लघवीत अफूचा अंश निघाला. त्याला गाडीवरून उतरवलं आणि व्यसनाच्या मूल्यमापनासाठी देवासच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बस, क्रेन, बॉयलर सांभाळणाऱ्या सगळ्यांना हाच नियम. बाई लेखी हो म्हणेपर्यंत काम बंद.

दत्ता माझ्याकडे आला. खसखशीचा हलवा खाल्ला होता, त्यानंच अफू दिसली म्हणाला. मग म्हणाला, "साब, बलबीरची शपथ."

लान्सनायक बलबीरनं लेहच्या रस्त्यावर दत्ताला जळत्या गाडीतून बाहेर ढकललं होतं. स्वतः आतच राहिला. त्या नावापुढे मी काय बोलणार?

बाईंनी मला फोन केला. ड्युटीवर कधी पेंगताना दिसला का? दिसला होता. तीनदा, भरदुपारी, स्टिअरिंगवर डोकं टेकून. मी म्हटलं, "नाही मॅडम. माझा माणूस आहे तो." तरी त्यांनी दुसरी तपासणी होईपर्यंत गाडी देऊ नका असं लिहिलं. माझं टाळकंच फिरलं. चार प्रश्न विचारून ही बाई फौजीला ओळखायला निघाली!

चार दिवसांनी बस तीनचा बदली ड्रायव्हर आला नाही. मी दत्ताला समोर उभं केलं. नाव, नंबर. वास नाही. किल्ली दिली.

सहा वाजून दहा मिनिटांनी बसमधल्या गार्डचा फोन आला.

"साब, तीन नंबरची बस पुलाच्या कठड्याला धडकली."

"ब्रेक फेल?"

"नाही साब. ब्रेक मारलाच नाही."

सीटखाली डोडाचुऱ्याची पुडी सापडली. अफूच्या बोंडांचा हा चुरा चहात उकळून पितात. तोंडाला दारूसारखा वास मारत नाही. आमच्या माळव्यात शेंबडं पोरही हे जाणतं, आणि मी आयुष्यभर रम हुंगत बसलो.

केसानं गळा कापला त्यानं माझा. पाय मोडून दवाखान्यात पडला होता, तिथं जाऊन मी विचारलं, "बलबीरला तरी सोडायचं होतंस?"

दत्ता भिंतीकडे बघत म्हणाला, "साब, मी पेंगताना तुम्ही पाहिलं होतं."

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. तिन्ही वेळा, तारखेसकट. माझी नोकरी गेली. जायलाच हवी होती.

युनिटच्या स्थापनादिनी मी घरी उभा राहून गेलेल्यांची नावं घेतो. यंदा बलबीरच्या नावावर थांबलो नाही, पुढे आणखी एक नाव घेतलं. अनिता कटारे, पॅकिंग विभाग, ए शिफ्ट, ड्रायव्हरमागची सीट. बस तीनमधली ती एकटी गेली. ती चढली तेव्हा मी दाराशीच होतो. मीच हात दाखवून गाडी सोडली.