पाय वळले, पोट सरळ गेलं

सोसायटीच्या खो-खोत मी साठाव्या वर्षी उतरलो. आयुष्यभर शाळेत मुलांना संवेग शिकवला: वस्तुमान गुणिले वेग. मैदानात मात्र खांबाला वळसा घालताना पाय वळले आणि पोट सरळच गेलं. गुडघा मुरगळला.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वेगात होतात?"

"चांगल्याच!" मी ऐटीत म्हणालो.

"वेग कसला डोंबलाचा?" शेजारून बायको म्हणाली. "ते सगळं वस्तुमान होतं."

माझ्यातला मास्तर खवळला. "अगं, वेगच नसेल तर संवेग शून्य येतो!"

"हो का? तो फळ्यावर येत असेल. गुडघ्याला विचारा, कशाने मुरगळला!"

डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. घरी येऊन चिठ्ठी वाचली. गोळ्यांच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "वस्तुमान कमी करा."